न दुखणारा चट्टा
(हडपसर येथील साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही अक्षरे शिकवायला उभे नाही. आज आम्ही आमची एक चूक सांगणार आहोत.

याच वर्गात एक गवंडी यायचे. दिवसभर बांधकामावर राबायचे, हातपाय धुऊन वेळेवर हजर व्हायचे. एके दिवशी त्यांनी उकळत्या चहाचा पेला हातात सहज धरून ठेवला. आम्ही थट्टा केली, "काय हो, तुम्हाला चटका बसत नाही?" तेही हसले. त्यांच्या कोपराजवळ एक फिकट चट्टा होता. कुणीतरी कुजबुजले, "महारोग दिसतो." दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांचा पेला वेगळा ठेवला. तोंडाने काही बोललो नाही. पण त्यांना कळले. ते यायचे बंद झाले.

वर्षाने ते गाडीतळावर भेटले. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वाकले होते. हातात थापी धरता येत नव्हती. मग आम्ही त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो. औषधाने रोग बरा झाला. बोटे मात्र वाकडीच राहिली. पेला वेगळा ठेवण्याऐवजी त्याच दिवशी दवाखान्यात गेलो असतो, तर ती बोटे वाचली असती.

महारोग, रक्तपिती, कुष्ठरोग ही एकाच रोगाची नावे. हा देवाचा कोप नाही. मागच्या जन्मीचे पाप नाही. हा जंतूंपासून होणारा रोग आहे. नॉर्वे देशातील डॉक्टर हॅन्सन यांनी 1873 साली हे जंतू शोधले. ते फार सावकाश वाढतात. रोग दिसायला कित्येक वर्षे लागतात. औषध न घेतलेल्या रोग्याचा दीर्घ काळ निकट सहवास घडला, तरच तो पसरतो. शंभरांतल्या पंचाण्णवांहून अधिक माणसांना तो होतच नाही. पेल्याने तर नाहीच नाही.

मग बोटे का झडतात? जंतू नसांवर घाला घालतात. कातडी बधिर होते. चटका बसला, खिळा रुतला, तरी कळत नाही. जखम चिघळते. दुखत नाही म्हणून माणूस गप्प बसतो. खरा धोका इथेच आहे.

परचुरेशास्त्री नावाचे विद्वान गृहस्थ येरवड्याच्या तुरुंगात होते. त्यांना हा रोग झाला. पुढे सेवाग्रामला गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला तेल चोळीत. तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. आज आहे. 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सांगितली. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोगी बरा होतो. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. औषध सुरू होताच थोड्याच दिवसांत संसर्ग थांबतो.

कायदाही बदलला. रोग्यांना कोंडून ठेवणारा 1898 चा कायदा 2016 साली रद्द झाला. कुष्ठरोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद 2019 साली काढली गेली. कायदा बदलला, आता आपण बदलायचे.

2005 साली देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रोगी उरले. लोकांना वाटले, रोग गेला. पण तो गेलेला नाही. आजही जगातील नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक आपल्या देशात सापडतात. हडपसरला गावोगावची माणसे कामाला येतात, एका खोलीत दाटीने राहतात. म्हणून आपण जागे राहायला हवे.

घरी गेल्यावर एकमेकांची पाठ पाहा. फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर त्याला कापसाने हलकेच स्पर्श करा. स्पर्श कळला नाही, हातापायांना मुंग्या आल्या किंवा बोटांतली ताकद गेली, तर लगेच महापालिकेच्या दवाखान्यात जा. शेजारी कोंढव्याला डॉ. बांदोरवाला कुष्ठरोग रुग्णालयही आहे. घरातल्या इतरांनीही तपासून घ्यावे. त्यांना रोग होऊ नये म्हणून औषधाचा एक डोस देतात.

ते गवंडी आता पुन्हा वर्गाला येतात. डाव्या हाताने लिहितात. चहाचे पेले सगळे एकत्रच धुतले जातात.