तुलना हवी, पण पुरी हवी

(द्वारका, नवी दिल्ली येथील अभ्यासवर्गात महाराष्ट्रातून आलेल्या रेल्वे व टपाल कामगार प्रतिनिधींसमोर केलेले भाषण)



काल आपल्यापैकी बरेच जण मेट्रोने इथे द्वारकेला पोहोचलात. गाडी वेळेवर, फलाट स्वच्छ, गर्दी असूनही शिस्त. रात्री जेवताना एका साथीने प्रश्न टाकला, "आमचे अधिकारी सारखे म्हणतात, मेट्रोकडे बघा, किती थोड्या माणसांत चालते. याला उत्तर काय द्यायचे?" आजचा आमचा विषय हाच आहे. अधिकारी त्याला बेंचमार्किंग म्हणतात. इंग्रजी शब्द मोठा आला की आपला माणूस दबतो, म्हणून आधी शब्दच उलगडून पाहू.

बेंचमार्क हा शब्द मूळचा सर्व्हेवाल्यांचा. इंजिनिअरिंग खात्यातील साथींना तो ठाऊक आहे. पक्क्या दगडावर किंवा पुलाच्या बांधकामावर एक खूण कोरलेली असते, तिच्यावरून लेव्हल घेतात. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तीही अशाच खुणांवरून मोजत आणलेली असते. खूण पक्की तर लेव्हल बरोबर. खूणच हलली तर पुढचे सगळे मोजमाप चुकले.

कारभारात या शब्दाचा अर्थ असा: आपले काम, ते जिथे सर्वांत चांगले होते त्या ठिकाणाशी ताडून पाहायचे. फरक किती ते काढायचे. तो का पडतो ते शोधायचे. आणि मग आपली पद्धत सुधारायची. अशा या चार पायऱ्या आहेत. आपल्याकडे दुसऱ्या पायरीवरून एकदम माणसे कमी करण्यावर उडी मारतात. ‘फरक का पडतो’ ही तिसरी पायरी गाळली जाते. आपले भांडण त्या गाळलेल्या पायरीसाठी आहे.

ही पद्धत नावारूपाला आणली ती अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीने, १९७९ पासून. जपानी कॉपी यंत्रे बाजारात ज्या किमतीला विकली जात होती, तेवढा झेरॉक्सचा नुसता उत्पादनखर्च होता. कंपनी हादरली. तिने आपल्या कारखान्यांची जपानी कारखान्यांशी तुलना केली. गोदामाच्या कामासाठी तर तिने कपडे आणि सहलीचे सामान टपालाने विकणाऱ्या एल. एल. बीन या दुकानाची पद्धत अभ्यासली. धंदा अगदी वेगळा, पण गोदामातून माल शोधून काढण्याचे काम सारखेच. शिकायचे असेल तर माणूस कुठेही शिकतो.

याच झेरॉक्सची दुसरी हकिकत व्यवस्थापनाच्या वर्गात फारशी सांगत नाहीत, म्हणून आम्ही सांगतो. १९८१ साली न्यूयॉर्क राज्यातील वेबस्टर येथे कंपनीने ठरवले, की यंत्रातील वायरिंगचे जुडगे बाहेरून करून घ्यायचे. ३२ लाख डॉलर वाचणार होते आणि सुमारे १८० कामगार घरी जाणार होते. युनियनने नुसता निषेध केला नाही. ती म्हणाली, आम्हाला हिशेब दाखवा आणि वेळ द्या. कामगार आणि व्यवस्थापन यांची संयुक्त तुकडी बसली. तिने सहा महिने खर्चाचा कण न् कण तपासला, आणि तेवढी बचत कामगार न काढता होऊ शकते हे दाखवून दिले. नोकऱ्या वाचल्या. बेंचमार्किंग कंपनीने सुरू केले खरे, पण कामगारांच्या हाती आकडे आले तेव्हा त्याचा निकाल बदलला.

आता आपल्या रुळावर येऊ. १९९४ साली हाँगकाँगच्या मेट्रोने पुढाकार घेऊन लंडन, पॅरिस, बर्लिन आणि न्यूयॉर्क यांच्यासह एक गट केला. त्याचे काम लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमार्फत चालते. एकमेकांचे आकडे पाहायचे, कुणाचे काय चांगले चालले आहे ते विचारायचे. गट पुढे वाढला आणि दिल्ली मेट्रोही त्यात आली. या गटाचा एक नियम ध्यानात ठेवा. आकडे गोपनीय असतात, आणि पहिला नंबर कुणाचा हे जाहीर करणे हा त्यांचा हेतू नाही. हेतू शिकण्याचा. आपल्याकडे मात्र आकडा आधी येतो तो पोस्ट सरेंडर करण्याच्या पत्रात.

१९९१ च्या सुमारास रेल्वेत साडेसोळा लाख कर्मचारी होते. आज सुमारे बारा लाख आहेत. १९९०-९१ साली रेल्वेने सुमारे ३२ कोटी टन महसुली माल वाहिला, २०२३-२४ साली सुमारे १५९ कोटी टन. माणसे चौथ्या हिश्शाहून अधिक कमी, माल जवळजवळ पाचपट. याचे सगळे श्रेय आम्ही घेत नाही. विजेची इंजिने आली, वाघिणी मोठ्या झाल्या, रूळ बदलले, आणि बरेच काम ठेकेदाराच्या माणसांकडे गेले. पण रेल्वे कामगार आळशी आहे असे जो म्हणतो, त्याच्यापुढे हे आकडे ठेवा.

मेट्रोशी तुलना करताना पहिला प्रश्न विचारा, की मोजले कोणाला? २००७ पासून दिल्ली मेट्रोची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे. स्थानकांची साफसफाई ठेकेदाराकडे आहे. ही माणसे राबतात, पण मेट्रोच्या हजेरीपटावर दिसत नाहीत. आपले सुरक्षा दल मात्र रेल्वेचेच, आणि दवाखानेही रेल्वेचेच. एकीकडे घरातली सगळी माणसे मोजायची आणि दुसरीकडे फक्त कर्ता पुरुष मोजायचा, ही तुलना नव्हे. शिवाय मेट्रोच्या मार्गावर मालगाडी नाही, लेव्हल क्रॉसिंग नाही, रुळावर गुरे नाहीत.

आपल्या आपल्यातही असेच घडते. एका घाट सेक्शनवर, नाव घेत नाही, वर्क स्टडीची तुकडी जानेवारीत आली. दोन दिवस राहिली, गँगची माणसे मोजली, सपाटीवरच्या सेक्शनशी ताडून पाहिली आणि पोस्ट जादा आहेत असे लिहून गेली. जानेवारीतला घाट आणि जुलैतला घाट एकच असतो काय? एकास सदतीसचा चढ, बोगदे, दरडी, रात्रीची पावसाळी गस्त हे त्या दोन दिवसांत कुठून दिसणार? पावसाळ्यात उरलेल्यांनी जादा रात्री काढल्या. ती खूणच हललेली होती.

टपाल साथींचीही तीच कथा. इथे द्वारकेत सोसायट्याच सोसायट्या. एका फाटकाच्या आत शंभर-शंभर घरे. रत्नागिरीतल्या डाकसेवकाला मात्र एका पत्रासाठी डोंगर उतरून पलीकडच्या वाडीवर जावे लागते. नुसती पत्रे मोजली तर तो नापास. २०१८ पासून ग्रामीण डाकसेवकांचा भत्ता चार तास आणि पाच तास अशा दोन पातळ्यांवर ठरतो. पायाखालची चढण त्या तासांत पुरती मावते काय, हे त्यांनाच विचारा.

तर मग मेट्रोकडून काही शिकायचेच नाही काय? शिकायचे आहे, आणि तेच आज मुख्य सांगायचे आहे. मेट्रोची प्रवासी वाहतूक रात्री थांबते आणि रुळाची देखभाल त्या वेळात होते. आपला ट्रॅक मेंटेनर मात्र धावत्या गाड्यांमधून काम करतो. ब्लॉक मागावा तर मिळत नाही, मिळाला तर कापला जातो. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी कामावर मृत्यू पावले, असे त्यात नोंदले आहे. याच काळात गाड्यांच्या अपघातांत दगावलेल्या प्रवाशांहून ही संख्या मोठी होती. साथींनो, दर किलोमीटरला किती माणसे हे मोजता, मग दर वर्षी किती माणसे घरी परत आली नाहीत, हे का मोजत नाही? करा मेट्रोशी तुलना. देखभालीला मिळणाऱ्या मोकळ्या वेळेची करा. चालू रुळावर काम करणाऱ्या माणसाला गाडीची सूचना कशी मिळते, याची करा. त्या तुलनेला आमची युनियन सर्वांत आधी सही देईल.

मोजमापाला आम्ही भीत नाही. उत्पादकतेशी निगडित बोनस रेल्वेत १९७९-८० पासून आहे, आणि ते सूत्र मान्यताप्राप्त महासंघांशी बोलून ठरले होते. पण त्यातही पाहा. २०२५ च्या दसऱ्याला ७८ दिवसांचा बोनस मिळाला, कमाल १७,९५१ रुपये. कारण हिशेब महिना ७,००० रुपयांवर होतो. किमान मूळ वेतन मात्र २०१६ पासून १८,००० आहे. काम मोजायची पट्टी दर वर्षी नवी, दाम मोजायची पट्टी जुनीच.

म्हणून शाखेत परत गेल्यावर, बेंचमार्कचे पत्र आले की लेखी पाच प्रश्न विचारा. एक, कोणाशी तुलना केली आणि तिथली परिस्थिती आपल्यासारखी आहे काय? दोन, ठेक्याची माणसे धरली काय? तीन, कोणत्या महिन्यात आणि किती दिवस मोजले? चार, अपघात, रजा आणि विश्रांती हिशेबात आहेत काय? पाच, मोजताना कामगारांचा प्रतिनिधी हजर होता काय? उत्तरे मिळेपर्यंत संमतीची सही करू नका. आणि आपलीही वही ठेवा. कोणत्या दिवशी किती माणसे होती, किती काम झाले, किती ब्लॉक मागितले, किती मिळाले. मुकादमाची वही नीट असेल तर वाटाघाटीच्या टेबलावर तिला अधिकाऱ्याच्या संगणकाइतकेच वजन येते.

खूण कोरायची असेल तर पक्क्या दगडावर कोरा, आणि कोरताना आम्हाला बोलवा. एवढेच आपले म्हणणे आहे.

कामगार एकजूट झिंदाबाद!