पाडवा, पट आणि गावची शाळा

फाल्गुन सरत आला की गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत कामाची झुंबड उडते. उन्हामुळे शाळा सकाळची झालेली असते. पहाटेचा गारवा असतानाच मुलं प्रार्थनेला उभी राहतात आणि ऊन तापायच्या आत घरी पोचतात. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि त्याला लागूनच येणारा विज्ञान दिन होऊन गेलेले असतात. खरी कमाईचा बाजारही भरून गेलेला असतो. त्या बाजारात चौथीतली पोरं मेथीच्या जुड्या, भेळ, ताक विकायला बसतात आणि सुट्या पैशांचा हिशेब आयांसमोर चोख करून दाखवतात. स्नेहसंमेलनाचा मांडव उतरलेला असतो. शहरातल्या माणसाला वाटेल, आता परीक्षा झाली की वर्ष संपलं. पण गावची प्राथमिक शाळा त्याच वेळी नव्या वर्षाच्या तयारीला लागते. गुढीपाडव्याला किंवा त्याच्या आगेमागे गुरुजी आणि बाई हातात वही घेऊन घरोघर फिरू लागतात. शाळेच्या फाटकावर फलक लागतो, ‘गुढीपाडवा, पट वाढवा’. लेझीम, ढोलकी, घोषणा देणारी मुलं अशी फेरी निघते. पहिलीत यायच्या वयाच्या मुलांना, म्हणजे सरकारी भाषेतल्या ‘दाखलपात्र’ मुलांना, शाळेत बोलावून त्यांच्या हातात फूल, फुगा किंवा नवी पाटी देतात आणि त्यांचं नाव टिपून घेतात.

शाळा उघडते जून महिन्यात. विदर्भात तर उन्हाच्या काहिलीमुळे आणखी काही दिवस उशिरा. मग नाव चैत्रात का घ्यायचं? आज मला या प्रथेविषयी बोलायचं आहे. तिच्यामागे पंचांग आहे, शेती आहे, कायदा आहे आणि अलीकडच्या काळात शाळेच्या जिवाचा प्रश्नही आहे.

पंचांगाचा भाग थोडक्यात सांगतो. साडेतीन मुहूर्तांतला एक पाडवा. दसरा हा दुसरा. मुलाला अक्षरओळख करून द्यायला आपल्याकडे हे दोन्ही दिवस चांगले मानले गेले. पाटीवर एकाचे आकडे जोडून काढलेली सरस्वती, तिला हळदकुंकू, एखादं फूल, आणि मग मुलाचा हात धरून गिरवलेलं पहिलं अक्षर. पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती तेव्हापासूनची ही रीत. तिथं जूनचा संबंध नव्हता. इंग्रजी अमदानीत सरकारी शाळा आल्या, वर्ग आले, परीक्षा आल्या आणि शाळेचं वर्ष पावसाळ्याशी बांधलं गेलं. तरी पाडव्याला पाटी पुजण्याची हौस घरांतून गेली नाही.

आता शेतीकडे येऊ. माझ्या मते या प्रथेचं खरं मूळ तिथं आहे. मराठवाड्यात आणि विदर्भात सालगड्याचं साल पाडव्याला संपतं. पाडवा ते पाडवा असा करार असतो. काही रोख, काही धान्य, असं ठरतं आणि गडी वर्षभर त्या शेतावर राबतो. पाडव्याला जुन्या मालकाचा हिशेब चुकता होतो आणि पुढचं साल त्याच शेतात किंवा दुसऱ्या गावात सुरू होतं. दुसरं गाव ठरलं की भांडीकुंडी, अंथरुणं, कोंबड्या, शेरडं गाडीत घालून सगळं बिऱ्हाड हलतं. त्या गाडीत एक दप्तरही असतं. त्या मुलाची दुसरी किंवा तिसरी अजून संपलेली नसते, परीक्षा तोंडावर असते आणि शाळा मात्र मागं राहते.

हाच काळ ऊसतोड कामगार परतण्याचा. बीड जिल्ह्यातून आणि शेजारच्या दुष्काळी तालुक्यांतून लाखो माणसं दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोची जोडी धरून एक कोयता मोजला जातो. गाळपाचा हंगाम आटोपला की बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक भरून ही कुटुंबं गावाकडं येतात. पाच-सहा महिने बंद असलेली घरं उघडतात. या कुटुंबांतल्या मुलांना गावातच ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली आणि बाहेरगावी गेलेल्या मुलाला तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आलं. या सोयी काही मुलांपर्यंत पोचतात, काहींपर्यंत पोचत नाहीत. पण पाडव्याच्या सुमारास वस्तीवर गेलेल्या बाईंना एक गोष्ट नक्की कळते. कोण परत आलंय, कोण नव्यानं आलंय, कुणाच्या घरी सहा वर्षांचं पोर आहे आणि धाकट्याला सांभाळायला म्हणून कोणती मुलगी घरीच बसलीय, हे त्यांना दारात उभं राहिल्यावर दिसतं. जूनमध्ये पेरणीची घाई असते. तेव्हा त्याच दारात कुणी सापडत नाही.

म्हणून मी म्हणतो, गावाचं वर्ष चैत्रात कूस बदलतं आणि शाळेनं त्या क्षणी गावाच्या दारात असायलाच हवं. शाळेचं वेळापत्रक राज्यभरासाठी एका साच्यात बसवताना हे विसरलं जातं. २०२५ साली वार्षिक परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबल्या तेव्हा उन्हाची चर्चा पुष्कळ झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या दिवसांत शिक्षकाला वस्त्यांवर फिरायला सवड उरते का, हे फारसं कुणी विचारलं नाही.

मुलांना शोधत घरोघर जाणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता, आणि त्या काळात रुपया ही मजुराला जड जाणारी रक्कम होती. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. त्या सक्तीचा रोख पालकाकडे होता. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून अमलात आला आणि सक्तीची दिशा उलटी फिरली. आता सक्ती सरकारवर आहे. सहा ते चौदा वयाचं प्रत्येक मूल शाळेत दाखल होतं का, येतं का, शिक्षण पुरं करतं का, हे पाहण्याची जबाबदारी शासनाची आणि स्थानिक संस्थेची. पाडव्याला वही घेऊन निघालेले गुरुजी ही जबाबदारी पायी वाहत असतात. ते गावाकडं मुलं मागायला आलेत असं कुणी समजू नये. मुलाचा हक्क त्याच्या उंबऱ्यापर्यंत घेऊन ते आलेले असतात.

जुन्या काळच्या दाखल्याची एक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे, कारण ती महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत आहे. आपल्या वडिलांची, आजोबांची जन्मतारीख पाहा. १ जून निघण्याचा संभव मोठा! जन्माची नोंद कुठं नसायची. आई सांगायची, पानशेतचं धरण फुटलं तेव्हा हा रांगत होता, किंवा कोयनेच्या भूकंपानंतर झाला, किंवा बहात्तरच्या दुष्काळात पोटात होता. गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की वय झालं. मग वर्ष अंदाजानं धरायचं आणि तारीख घालायची १ जून, म्हणजे शाळेच्या नव्या वर्षाला वय बरोबर बसे. जनरल रजिस्टरमधल्या त्या एका ओळीनं पुढं नोकरी, निवृत्ती, पेन्शन सगळं ठरलं. त्या गुरुजींनी मुलं घरातून, रानातून, गुरांमागून उचलून आणली होती. कागद नाही म्हणून त्यांनी कुणाला परत पाठवलं नाही, याचं मोल मला फार वाटतं.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. आज राज्यात अशा शाळा साठ हजारांच्या घरात आहेत. वाडी, तांडा, पाडा, धरणाच्या पाण्यापलीकडची वस्ती, सगळीकडे त्या पोचल्या. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांच्यापुढं नवं संकट उभं राहिलं. गावातून पिवळी गाडी इंग्रजी माध्यमाच्या शाळेकडं जाऊ लागली. घरात मुलंही कमी झाली. पट घसरला.

पटाचं गणित असं आहे. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, त्यापुढं तिसरा. दोन-चार मुलं कमी भरली की एक शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडं जातो. शिक्षक गेला की पालक आणखी बिचकतात आणि पुढच्या वर्षी पट आणखी उतरतो. या आकड्याला इतकं वजन असल्यामुळं त्यात खोटंही शिरलं. म्हणूनच ऑक्टोबर २०११मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि एका मुलाची दोनदा मोजणी होऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली गेली. २०२३मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या हजारो शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार पुढं आला, तेव्हा डोंगरातल्या वाड्यांवर खरी काळजी पसरली. पहिलीतलं पोर ओढे ओलांडून चार किलोमीटर जाईल कसं? मला स्वतःला वाटतं, वस्तीवरची शाळा खर्चाच्या तक्त्यात महाग दिसली तरी ती मिटली की पहिल्यांदा मुलींचं शिक्षण थांबतं. तो खर्च कोणत्याच तक्त्यात येत नाही.

पाडव्याच्या फेरीत त्यामुळं कळकळीबरोबर धास्तीही मिसळली आहे. पण याच धास्तीतून काही शाळांनी गावाला असं जवळ केलं की चित्र पालटलं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागली. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा बंद पडण्याच्या बेतात होती. तिचं नाव २०२५मध्ये जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत झळकलं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२०मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटली. ही नावं मोठी झाली. पण वर्गणी काढून भिंती रंगवणारी, बोअर मारून देणारी, मुंबईला नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांकडून संगणक आणवणारी गावं कितीतरी आहेत. जत्रेला गाव भरतं तेव्हाच शाळेच्या शेडसाठी आकडे जाहीर होतात.

पाडव्याच्या या कामाला २०२२पासून एक चांगली जोड मिळाली आहे. करोनाची दोन वर्षं अंगणवाडी न पाहिलेली मुलं थेट पहिलीत येणार होती. तेव्हा शालेय शिक्षण विभागानं ‘प्रथम’ या संस्थेच्या साथीनं शाळापूर्व तयारी अभियान सुरू केलं, ‘पहिले पाऊल’ नावानं. एप्रिलमध्ये शाळेच्या पटांगणात मेळावा भरतो आणि त्यात सात टेबलं मांडतात. नाव नोंदवून मूल आईचं बोट धरून एकेका टेबलाशी जातं. कुठं रेषेवरून चालायचं, दोरीवरून उडी मारायची. कुठं रंग वेगळे करायचे, लहान-मोठं ओळखायचं. कुठं घरात कोण कोण आहे ते सांगायचं, चित्र पाहून बोलायचं, खडे मोजायचे. शेवटच्या टेबलाशी आईशी बोलणं होतं. मुलाला काय जमलं, कशाला वेळ लागेल, हे विकासपत्रात लिहिलेलं असतं. तिथं कुणी नापास होत नाही.

त्यानंतर उन्हाळाभर वाडीतल्या आया गटानं बसतात. एक लीडर माता असते. डाळी निवडता निवडता ढीग करून मोजायचे, भाकरी थापताना गोल काढायचा, पाण्याला जाताना पावलं मोजायची. जूनमध्ये दुसरा मेळावा होतो आणि मुलात काय फरक पडला ते पाहतात. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही तीही इथं शिकवू शकते, हे या उपक्रमातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं. शाळेच्या पायरीशी चप्पल काढून बाहेरच उभी राहणारी बाई आत येऊन सतरंजीवर बसते. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत असं लिहिलं, पण सही करायला बोलावलेली सदस्य आणि असं सतरंजीवर बसून मत मांडणारी सदस्य, यांत फार अंतर आहे.

मग येतो १ मे. सकाळी झेंडावंदन आणि त्याच पटांगणात निकाल. आपल्या प्राथमिक शाळांची ही जुनी रीत. महाराष्ट्र दिनाला गावातले कारभारी, म्हातारी माणसं, सुट्टीला आलेली पाहुणी मुलं सगळी जमलेली असतात आणि त्यांच्यादेखत प्रगतिपुस्तकं वाटली जातात. पाडव्याला नाव घातलेलं चिमणं पोरही मोठ्या भावाबरोबर येऊन बसतं.

जाता जाता, ऐकणाऱ्या गावकऱ्यांना एक माहिती सांगून ठेवतो. यंदा पाडव्यानंतर तुमच्या शिवारात नवं सालगड्याचं कुटुंब आलं असेल, वीटभट्टीवर किंवा पुलाच्या कामावर बिऱ्हाडं उतरली असतील, ऊसतोडीहून कुणी परतलं असेल, तर शाळेत कळवा. जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. मूल कधीच शाळेत गेलं नसेल तरी त्याच्या वयाप्रमाणे वर्ग मिळतो आणि मागं राहिलेलं भरून काढायला वेगळं शिकवण्याची तरतूद आहे. नाव घालायला जूनची वाट पाहावी लागत नाही, वर्षाच्या कोणत्याही दिवशी घालता येतं. गुरुजींचा नंबर नसेल तर अंगणवाडीताईंना सांगा, त्यांच्याकडे वस्तीची यादी असते.