उष्टावणानंतर बाळाचं अंग का सोलवटतं?



आजचं बोलणं पिकाविषयी नाही, पाळण्यातल्या बाळाविषयी आहे. म्हणून बापईमाणसांनी उठून जाऊ नये. यात त्यांचंही काम आहे, ते पुढं सांगते.

सहा महिने पुरे झाले की आपल्याकडे बाळाचं उष्टावण होतं. मामा मांडीवर घेतो, खिरीचं बोट चाटवतो. मग नाचणीचं सत्त्व, मऊ वरणभात, कुस्करलेलं केळं असं एकेक सुरू होतं. आणि आठ-पंधरा दिवसांत एके सकाळी आई लंगोट सोडते तर बाळाचे कुल्ले लालबुंद, जांघेजवळची कातडी सोलवटल्यासारखी. पाणी लागलं की बाळ किंचाळतं. घरात लगेच बोलणं सुरू होतं. कुणी म्हणतं उष्णता झाली, कुणी म्हणतं दात येताहेत, कुणी म्हणतं अन्न बाधलं. शेवटी निकाल लागतो: "पंधरा दिवस अन्न बंद करा, नुसतं दूध पाजा."

या निकालाविषयीच मला आज बोलायचं आहे.

माझ्याकडे एकदा आठ महिन्यांचं लेकरू आणलं होतं. जागा लाल झाली म्हणून त्याचं वरचं अन्न दीड महिना बंद होतं. लाली तशीच होती, आणि वजन मात्र दीड महिन्यात काट्यावर हललं नव्हतं. मी लंगोट सोडून पाहिला, तर त्याच्याखाली खताच्या पिशवीतलं आतलं प्लास्टिक कापून घातलेलं. आई दिवसभर खुरपणीला, बाळ बांधावरच्या झोळीत. झोळी भिजू नये म्हणून ही युक्ती. झोळी कोरडी राहिली, पण बाळ ओलीत शिजत होतं. खताच्या किंवा औषधाच्या पिशवीचा तुकडा, कितीही धुतलेला असला तरी, बाळाच्या अंगाला लावू नका. आणि अशा डब्यातलं पाणी लंगोट धुवायलाही घेऊ नका.

आता हे वरचं अन्न सुरू झाल्यावरच का होतं, ते समजून घेऊ. नुसत्या आईच्या दुधावरच्या बाळाची शी पातळ, पिवळी आणि फारशी न झोंबणारी असते. अन्न पोटात जायला लागलं की शीचा रंग, वास, घट्टपणा सगळं बदलतं. अन्न पचवणारे जे रस आतड्यात असतात, त्यांचा अंश शीबरोबर बाहेर पडतो. तशी शी लघवीत भिजून कातडीला लागून राहिली की लघवीतल्या क्षारानं त्या रसांना जोर चढतो आणि बाळाच्या कोवळ्या कातडीलाच ते खायला लागतात. वाफ्यात पाणी तुंबलं की रोपाची मुळं कुजतात, आणि त्याचा दोष आपण बियाण्याला देत नाही. इथंही दोष अन्नाचा नाही, तुंबलेल्या ओलीचा आहे.

म्हणून अन्न चालू ठेवा. सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधावर बाळाची भूक भागत नाही, रक्त वाढायला लोह पुरत नाही. अंगावरचं दूधही दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा. फक्त नवा पदार्थ एका वेळी एकच द्या आणि तीन-चार दिवस जाऊ द्या, म्हणजे काय सोसतं ते कळतं. संत्रं, मोसंबी, टोमॅटो असं आंबट दिल्यावर काही बाळांची शीची जागा लाल होते. तसं दिसलं तर तेवढाच पदार्थ थांबवा, बरं वाटल्यावर थोडा थोडा पुन्हा द्या. वरणभात, तूप, सत्त्व बंद करण्याचं कारण नाही.

खरी औषधी म्हणजे कोरडेपणा. शी झाली की ताबडतोब, नुसती लघवी झाली तरी शक्य तितक्या लवकर लंगोट बदला. जागा कोमट पाण्यानं धुवा; दर वेळी साबण नको. मऊ जुन्या धोतराच्या फडक्यानं टिपून घ्या, घासू नका. मग बाळाला दहा-पंधरा मिनिटं उघडं राहू द्या, दिवसातून तीन-चार वेळा. सतरंजीवर शी-शू होईल, होऊ द्या. झिंक ऑक्साइडचं मलम किंवा साधं व्हॅसलीन मिळालं तर जाडसर थर द्या, म्हणजे ओल कातडीपर्यंत पोचत नाही. पुढच्या वेळी तो थर खरवडून काढू नका, वरची घाण तेवढी पुसा.

पावडर मात्र अजिबात नको. ओलीत तिचे गोळे होऊन सांदीत बसतात, आणि उडालेली पूड बाळाच्या श्वासात जाते. बोरिक पावडर तर विषारी आहे. हळद, राख, चुना, कुणी काही सुचवो, सोलवटलेल्या कातडीवर घालू नये.

लंगोट साबणानं धुतल्यावर दोन-तीन स्वच्छ पाण्यांतून काढा. साबण राहिला तर तोही झोंबतो. कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. दमट लंगोट "अंगावर वाळेल" म्हणून बांधू नका. आता गावातही बाजारचे डायपर आले आहेत. त्यांना माझी ना नाही, पण महाग पडतो म्हणून एकच डायपर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठेवायचा असेल तर आपला सुती लंगोट बरा. डायपर तीन-चार तासांनी बदलावा, आणि शी झाली तर लगेच.

आता बापईमाणसांचं काम. फवारणी करून आलात की कपडे वेगळे ठेवा, बाळाच्या लंगोटांबरोबर भिजवू नका. साबणानं अंघोळ केल्याशिवाय बाळाला घेऊ नका. आणि लावणी-खुरपणीच्या दिवसांत बाई एका हातानं काम आणि दुसऱ्यानं लंगोट बदलू शकत नाही. बांधावर पाळीनं कुणीतरी झोळी बघायची. बापानं लंगोट बदलला तर काही बिघडत नाही.

एवढं केल्यावर साधी लाली दोन-तीन दिवसांत उतरायला लागते. नाही उतरली, तर नीट बघा. साधी लाली फुगीर भागावर असते, जांघेची घडी बहुधा सुटलेली असते. घडीच्या आतच लालभडक झालं असेल आणि कडेला बारीक लाल ठिपके असतील, तर ती बहुधा बुरशी आहे. तिला बुरशीवरचं मलम लागतं, ते आरोग्य केंद्रात विचारून घ्या. दुकानातून "सगळ्यावर चालतं" म्हणून मिळणारी मलमाची नळी आणू नका. त्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. त्यानं पहिल्या दिवशी लाली दबते आणि पुढं कातडी पातळ होते.

ताप, पुवाचे फोड, रक्त येणं, बाळ पीत नाही, यांतलं काही दिसलं तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. तसेच चट्टे तोंडाभोवती आणि हातापायांवरही उठले, तरी दाखवा. अंगात जस्त कमी पडल्यानंही तसं होतं. पाण्यासारखी शी वारंवार होत असेल तर ते "दाताचं" म्हणून सोडू नका. आशाताईंकडून ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या घ्या. सहा महिन्यांवरच्या बाळाला 20 मिलिग्रॅमची गोळी रोज एक, चमचाभर पाण्यात विरघळवून, 14 दिवस पुरी करायची. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी राहिलेल्या गोळ्या डब्यात टाकून ठेवू नका.

उद्या शेतावर जाताना भाकरीच्या फडक्याबरोबर सहा-सात कोरडे लंगोट, ओले ठेवायला वेगळी पिशवी आणि बाटलीभर स्वच्छ पाणी घ्या. आणि बाळाचा वरणभातही घ्या.