झटकन ए, लांब ए

पांढरकवड्याच्या बाजारात मराठीसोबत कोलामी, गोंडी, तेलुगूही कानावर पडते. तेलुगू किंवा कोलामी शिकताना आपली जीभ अडते ती ‘ए’ आणि ‘ओ’पाशी. मराठीत इ-ई, उ-ऊ अशा जोड्या आहेत. ए मात्र एकच. तेलुगूत तो ऱ्हस्वही आहे, दीर्घही. ‘तेलुगू’तला ‘ते’ झटकन म्हणायचा. ‘तेलु’ म्हणजे विंचू, तिथे तो लांबवायचा! कोलामीतही हा भेद आहे. भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांच्या कोलामीवरच्या १९५५च्या ग्रंथात तो नोंदलेला आहे. आधी शेजारची भाषा ऐका. कोलाम मित्राला एकेक शब्द सावकाश म्हणायला सांगा आणि त्याच्या मागोमाग म्हणा.