एसी बंद पडला तर घर, अंग आणि शेजार

एप्रिल संपत आला, की आपल्या जूचंद्रात आणि नायगावच्या नव्या इमारतींत एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘एसी बंद पडलाय आणि मेकॅनिक चार दिवसांनी येतो म्हणाला.’ हे चार दिवस कसे काढायचे, हा आपला आजचा विषय आहे. ज्यांच्याकडे एसी नाहीच, त्यांनीही ऐका. यातलं बरंचसं तुम्हीच आम्हाला शिकवलेलं आहे.

चंडिकामातेच्या डोंगरावरून खाली पाहिलं, तर एका नजरेत दोन तऱ्हेची घरं दिसतात. जुनी कौलारू घरं, पुढे ओटी, आणि कौलांच्या फटींतून वर निघून जाणारी गरम हवा. दुसरीकडे टॉवर. सिमेंटची स्लॅब, काचेची सरकती खिडकी, आणि तीही अर्धीच उघडणारी. सिमेंट दिवसभर ऊन पितं आणि संध्याकाळपासून ते घरात सोडत राहतं. म्हणून शेवटच्या मजल्यावर रात्री अकरा वाजताही भिंतीला हात लावला, तर चटका जाणवतो. अशा घरातला एसी थांबला, की कौलारू घरापेक्षा ते जास्त तापतं.

आधी एसीकडे बघू. मेन स्विच किंवा एमसीबी पडलाय का, रिमोटचे सेल संपलेत का, हे पाहा. मग आतल्या युनिटची जाळी काढून धुवा, सावलीत वाळवा आणि परत लावा. धुळीने जाळी भरली, की हवा अडते आणि आत बर्फ धरतो. बर्फ दिसला तर एसी बंद ठेवा, तो वितळू द्या, सुरी घालून खरवडू नका. बाहेरचं युनिट मात्र स्वतः उघडायचं नाही. त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते आणि बटण बंद केल्यावरही तिचा झटका बसू शकतो. मेकॅनिक ‘गॅस संपलाय’ म्हणाला, तर ‘गळती कुठे आहे?’ असं जरूर विचारा. एसीतला गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. गळती बंद न करता गॅस भरला, तर पैसे पुन्हा जाणार.

आता घराचं बघू. ऊन घरात शिरूच द्यायचं नाही, हा पहिला नियम. पडदा काचेच्या आत लावला, तर ऊन काचेतून येऊन पडदा तापतो आणि पडद्यामुळे खोली. म्हणून आडोसा खिडकीच्या बाहेर हवा. ग्रिलला बांबूची चटई बांधा, जुनी सुती चादर बांधा, बाल्कनीला हिरवी जाळी लावा. पूर्वेच्या खिडकीला सकाळी आडोसा, पश्चिमेच्या खिडकीला दुपारी.

पश्चिमेची खिडकी मात्र आपल्याला पेचात टाकते. दुपारचं ऊन तिकडूनच येतं आणि समुद्राचं खारं वारंही तिकडूनच. ज्या दिवशी पूर्वेचं कोरडं वारं जोरात असतं, त्या दिवशी खारं वारं उशिरा सुटतं आणि मुंबईपासून पालघरपर्यंत सगळा किनारा भाजून निघतो. अशा दुपारी बाहेरची हवा घरापेक्षा गरम असेल, तर खिडक्या बंद ठेवा. खारं वारं लागलं, की चटई तशीच राहू देऊन काच सरकवा आणि समोरचं दारही उघडा. वाऱ्याला यायला एक वाट आणि जायला दुसरी लागते. रात्री एका खिडकीपाशी टेबल फॅन बाहेरच्या बाजूला तोंड करून लावा. तो गरम हवा बाहेर ढकलतो आणि दुसऱ्या खिडकीतून गार हवा आत येते.

शेवटच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीला सांगून गच्चीला पांढरा चुना लावून घ्यावा. पांढरा रंग ऊन परतवतो. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक माणसं जास्त दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करायचं कामही हाती घेतलं. गच्चीवर पाणी ओतायचा सल्ला आम्ही देणार नाही. अर्धी वसई टँकरकडे डोळे लावून बसते.

आता ओले पडदे आणि कूलर. नागपूरची वहिनी फोनवर सांगते, वाळ्याचा कूलर लाव. तिचं तिथे बरोबर आहे, कारण विदर्भाची हवा कोरडी. आपल्याकडचं गणित वेगळं. मिठागरावर राबलेल्या आपल्या आई-काकींना हे कुणी शिकवायला नको. वारं असलं की आगरातलं पाणी भराभर आटतं, हवा दमट झाली की रेंगाळतं. अंगावरच्या घामाचंही तसंच. घाम सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो, नुसता ओघळला तर काही उपयोग नाही. बंद खोलीत ओले पडदे आणि कूलर लावला, की दमटपणा वाढतो आणि घाम सुकायचा थांबतो. सोपी परीक्षा सांगतो. ओला पंचा घरात दोरीवर टाका. लवकर वाळला तर ओला पडदा उपयोगाचा, तसाच राहिला तर नको.

म्हणून आपल्याकडे खोली भिजवण्यापेक्षा अंग भिजवावं. ओला पंचा मानेवर घ्या, हात-पाय-तोंड ओलं करा आणि पंख्याखाली बसा. पाय बादलीभर साध्या पाण्यात ठेवा. झोपण्यापूर्वी अंघोळ करा. ढगळ सुती कपडे घाला. दुपारचा स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरका. आणि ज्यांना भर दुपारी तव्यावरचीच भाकरी हवी असते, त्यांना चार दिवस लाटणं-परात दाखवा.

पाण्याबद्दल बायकांना वेगळं सांगायला लागतं. बाजारात मासळी घेऊन बसणारी, बांधकामावर जाणारी, ट्रेनने नोकरीला जाणारी, अशा कितीतरी जणी वाटेत बाथरूम नाही म्हणून पाणी पीत नाहीत. उन्हाळ्यात हे फार महागात पडतं. लघवी गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडतंय असं समजा. ताक, कोकम सरबत, कैरीचं पन्हं, ताडगोळे, सगळं चालेल. थकवा फार असेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या. चमचा चहाचा. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी नको, अंगावरचं दूधच जास्त वेळा पाजा. रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील, तर उन्हाळ्यात काय सांभाळायचं ते डॉक्टरांना विचारा.

आणखी एक गोष्ट. शरीराला उकाड्याची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. आपलं गाव रांगोळीचं. पूड उडू नये म्हणून पंखा बंद करून ऑक्टोबरच्या उकाड्यात तासन् तास बसणारी पोरं-पोरी आपण पाहतो. पण अठरावर एसी लावून महिनोन् महिने राहिलेल्या माणसाला तीच उष्णता एकदम झेपत नाही. २०२० पासून नव्या एसीची सुरुवातच २४ अंशांवर होईल असा नियम आहे. तिथेच ठेवा. वीजही वाचते आणि अंगाची सवयही अगदीच मोडत नाही.

‘आपल्याकडे कुठे पंचेचाळीस होतं?’ असं म्हणून विषय सोडू नका. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानातल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जण गेले. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर पारा ३८ अंशांच्या आसपास होता. हवामान खातंही मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेची लाट धरतं, किनाऱ्यावर मात्र ३७ पासून, पारा नेहमीपेक्षा साडेचार अंश चढलेला असला तर. दमट हवेत कमी तापमानही जीव घेतं.

म्हणून खुणा ओळखा. चक्कर, मळमळ, पेटके आले तर सावली, पाणी, आराम. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, अंग तापून निघालं, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. अंगाला घाम असला तरी. लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत कपडे सैल करा, सगळ्या अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत, मानेला, जांघेत बर्फ कपड्यात गुंडाळून ठेवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही.

चाळीत दार उघडं असायचं, आजी दिसली नाही तर कुणीतरी हाक मारायचं. टॉवरमध्ये दार बंद, मुलगा-सून कामावर, आजी एकटी, आणि एसी बंद पडलेला. ती ‘उगाच कुणाला त्रास नको’ म्हणून पंखासुद्धा कमी ठेवते. या चार दिवसांत तुमच्या मजल्यावरच्या अशा एका घराची कडी दुपारी दोनच्या सुमारास वाजवा. तिला पंख्याखाली बसवा, पेलाभर ताक द्या, दोन शब्द बोला. बोलणं नीट येतंय ना, तेही त्यात कळतं. तुमच्याकडे गारवा असेल, तर दोन तास तिला घरी आणा. मेकॅनिक येईल तेव्हा येईल.