पेनड्राइव्हला सुट्टी

परभणी असो की सेलू, छोट्या कार्यालयात फाईल या टेबलावरून त्या टेबलावर न्यायला अजून पेनड्राइव्हच फिरतो, सोबत व्हायरसही. त्यापेक्षा एका संगणकावर फाईल सर्व्हर बसवा. एफटीपी (फाईल ट्रान्सफर प्रोटोकॉल) ही त्यावर फाईल पाठवायची जुनी पद्धत. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या अभय भूषण यांनी ती 1971 मध्ये लिहिली. पण तिच्यात पासवर्ड उघडाच जातो, म्हणून सगळं सांकेतिक करून पाठवणारी एसएफटीपी घ्या, पोर्ट 22. राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता कायम करा, नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलू शकतो आणि सगळे शोधत बसतात. प्रत्येकाला वेगळं खातं द्या. हिशेबाचं फोल्डर सगळ्यांना कशाला? इंटरनेट बंद असलं तरी हे चालतं. फक्त राउटर आणि सर्व्हर, दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.