गावातला भाडेकरू, बेटाचा मालक



दादर स्टेशनावर रोज कुणीतरी मुंबईत पहिल्यांदाच उतरतं. हातात बॅग, खिशात कुणाचा तरी पत्ता, आणि ओळखीचं एकही माणूस नाही. जपानमध्ये कात्सुया एगुची नावाचा एक तरुण १९८६ मध्ये असाच चिबा सोडून क्योतोला गेला, निन्टेन्डो कंपनीत नोकरीला. आईवडील, मित्र, रोजच्या गप्पा सगळं मागे राहिलं. पुढे पंधरा वर्षांनी त्याच उणिवेतून एक व्हिडिओ गेम जन्माला आला. १४ एप्रिल २००१ रोजी तो फक्त जपानात निघाला आणि २००२ मध्ये 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग' या नावाने अमेरिकेत पोचला.

ज्यांना व्हिडिओ गेम म्हणजे मारिओच्या उड्या किंवा काँट्राच्या गोळ्या एवढंच आठवतं, त्यांच्यासाठी सांगतो. इथे शत्रू नाही, जिंकणं-हरणं नाही. बोलणाऱ्या प्राण्यांच्या गावात तुम्ही राहायला जाता. मासे पकडा, फळं उतरवा, शेजाऱ्याची वस्तू दुसऱ्या शेजाऱ्याकडे पोचवा. गावातलं घड्याळ आपल्या घड्याळाबरोबर चालतं. मध्यरात्री गेलात तर दुकान बंद. डिसेंबरात तिथे बर्फ पडतो, मग दादरमध्ये तुमचा पंखा पाचावर का असेना!

या मालिकेतले मुख्य गेम एकामागून एक खेळताना मला सगळ्यात गंमत वाटली ती गावात पोचण्याची. २००१ मध्ये तुम्ही आगगाडीने येता आणि समोरच्या बाकावरचा एक बोका नाव-गाव विचारतो. २००५ मध्ये भर पावसात टॅक्सीने. २००८ मध्ये बसने. २०१२ मध्ये पुन्हा आगगाडी, पण उतरल्यावर लोक तुम्हाला महापौरच समजतात. आणि २०२० मध्ये विमानाने थेट एका निर्जन बेटावर. म्हणजे पहिल्या गेममधला भाडेकरू पाचव्यापर्यंत मालक झाला.

पहिला गेम आमच्याकडे अमेरिकेतल्या मावसभावाच्या सामानातून आला. मशीन तिकडच्या विजेवर चालणारं, म्हणून शेजारी ट्रान्सफॉर्मर घुंऽऽ करत बसायचा. गावात पाऊल टाकताच टॉम नूक हा दुकानदार घर गळ्यात मारतो, पैसे नाहीत म्हटलं की गणवेश चढवून कामाला जुंपतो. शेजारी तर त्याहून वरचढ. काही जण तोंडावर अपमान करत. बरेच दिवस फिरकला नाहीत तर टोमणे. एखादा न सांगता गाव सोडून जाई आणि मागे फक्त पत्र. खेळ जतन न करता मशीन बंद केलंत, तर पुढच्या वेळी रिसेटी नावाचा हेल्मेटवाला प्राणी बिळातून वर येऊन असं काही झापत असे की शाळेतले मास्तर बरे. घरात झुरळं होत, अंगणात तण माजे.

हे गाव म्हणजे जुनी चाळ होती. तिथे तुमच्या आधीपासून माणसं राहत होती, त्यांची भांडणं आणि मैत्र्या तुमच्यावाचून चालू होत्या. तुम्ही त्यात सामावून जायचं. २०२० चं नवं बेट म्हणजे त्याच जागी उभा राहिलेला टॉवर. शेजारी गोड बोलतात. एखाद्याला जायचं असेल तर आधी तुम्हाला विचारतो, आणि 'नको' म्हटलंत तर राहतो! नदी वळवा, टेकडी कापा, शेजाऱ्याचं घर उचलून दुसरीकडे ठेवा. कुणी हरकत घेत नाही. रिसेटीची नोकरी तर गेलीच. खेळ आता आपोआप जतन होतो, त्यामुळे रागवायला कारणच उरलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. जागा नव्या गेमची सुंदर, सोबत जुन्या गेमची चांगली. नव्या बेटावर शेजारी दहा, जुन्या गावात पंधरापर्यंत; पण प्रश्न संख्येचा नाही. नव्यांची बोलणी लवकर पुन्हा तीच ती होतात, आणि स्वतःचं काही म्हणणं नसलेल्या माणसाशी किती वेळ गप्पा मारणार? विसाव्यासाठी म्हणून बेटावर गेलेला माणूस कुंपण कुठे बसवू, पायवाट किती रुंद करू या विवंचनेत रात्रीचे दोन वाजवतो. त्यात फावडं आणि जाळं वापरता वापरता मोडतं, ते पुन्हा घडवा. सुट्टी राहिली बाजूला, ठेकेदारी सुरू झाली.

आणखी एक गोष्ट मला खटकते. जुन्या गावात एका मशीनवर चार घरं होती आणि चौघेही बरोबरीचे. नव्यात एका मशीनवर एकच बेट, आणि जो पहिला उतरला तोच प्रतिनिधी. पूल बांधायचा निर्णय त्याचा, बाकीचे पाहुण्यासारखे. ज्या घरात दोन भावंडं आहेत, तिथे यावरून काय रणं माजतात हे ऐकणाऱ्या आईबाबांना सांगायला नको.

नव्याच्या बाजूने मात्र एक फार मोठी गोष्ट आहे. पहिल्या गेममध्ये चेहरा तुमच्या उत्तरांवरून ठरे आणि कातडी गोरीच मिळे. मालिकेच्या मुख्य गेममध्ये २०२० मध्ये पहिल्यांदा सुरुवातीलाच त्वचेचा रंग निवडता आला. सावळ्या मुलीला स्वतःसारखी मुलगी पडद्यावर दिसायला एकोणीस वर्षं लागली. हे श्रेय द्यायलाच हवं. या गेमची दिग्दर्शिका आया क्योगोकू, मालिकेत आधीपासून काम केलेली बाई.

शिवाय वेळ. तो गेम २० मार्च २०२० रोजी आला. २२ मार्चला आपल्याकडे जनता कर्फ्यू, २५ला, ऐन गुढीपाडव्याला, देशभर टाळेबंदी. रविवारी ओसंडणारं दादरचं फूल मार्केट, शिवाजी पार्कचा कट्टा, सगळं बंद. जगभर लोक या बेटांवर भेटत होते, वाढदिवस साजरे करत होते, लग्नंसुद्धा लावत होते. पहिल्या सहा आठवड्यांत १ कोटी ३४ लाख प्रती खपल्या. जुन्या गेममध्ये मित्राच्या गावी जायचं तर त्याचं मेमरी कार्ड आपल्या मशीनला लावावं लागे, म्हणजे आधी मित्र घरी यायला हवा. त्या उन्हाळ्यात ते शक्यच नव्हतं. तेव्हा तरी नव्याची बाजू खरी ठरली.

सलगमचा बाजार मात्र दोन्हीकडे आहे. रविवारी दुपारच्या आत खरेदी करायची, भाव रोज बदलतो, आणि पुढच्या रविवारपर्यंत विकला नाही तर माल कुजतो. जुन्या गावात सलगम विकणारी म्हातारी होती, नव्यात तिची नात विकते. धंदा घरातच राहिला. आमच्या भाजीवाल्याला हा भाग समजावून सांगायला एक मिनिटही लागलं नाही.

तुमच्या घरात कुणी हा गेम आणणार असेल, तर नवाच आणा. जुन्यासाठी जुनं मशीन शोधत फिरणं सगळ्यांना जमायचं नाही. पण माझ्या दोन विनंत्या आहेत. मशीनचं घड्याळ पुढे ढकलून उद्याचा दिवस आज आणू नका. आणि पहिले काही आठवडे नदी, टेकड्या आहेत तिथेच राहू द्या. आधी शेजाऱ्यांना भेटा.